'वांडाव्हिजन'मध्ये हसतंय कोण?

डिस्ने प्लसवर 15 जानेवारी 2021 रोजी 'वांडाव्हिजन'चे पहिले दोन भाग एकदम आले आणि मार्व्हलचे सगळे चित्रपट पाहिलेले लोकही बुचकळ्यात पडले. कृष्णधवल चित्र, दोन्ही बाजूंना काळे पट्टे, साठ वर्षांपूर्वीचं अमेरिकन घर, नवरा-बायकोचे लटके रुसवेफुगवे आणि दर दोन वाक्यांनी हशा. खलनायक दिसत नाही, मारामारी नाही, हे दोघं इथे आले कसे हेही कुणी सांगत नाही. व्हिजन तर आधीच्या चित्रपटात मेला होता. कित्येकांनी तिथेच मालिका सोडली. एकूण नऊ भाग, शेवटचा 5 मार्च 2021 चा. पण 2024 मध्ये तिच्यातून निघालेली 'अगाथा ऑल अलाँग' आली, व्हिजनवरच्या स्वतंत्र मालिकेचीही घोषणा झाली, त्यामुळे अर्धवट राहिलेली 'वांडाव्हिजन' पुन्हा लावणारे आणि पुन्हा त्याच जागी अडखळणारे प्रेक्षक अजून भेटतात.

गोष्ट खरं तर सरळ आहे. अडचण एवढीच की ती संवादांतून कमी आणि कॅमेऱ्याची जागा, दिवे, हशा, चित्राची चौकट यांतून जास्त सांगितली आहे. जुने अमेरिकन विनोदी कार्यक्रम पाहत वाढलेल्या प्रेक्षकाला या खुणा न सांगता कळतात. बाकीच्यांना त्या दाखवाव्या लागतात. इथे त्या एकेक करून घेतल्या आहेत, आणि ओघात शेवटापर्यंतची गोष्ट उघड होते, हे वाचण्याआधी लक्षात असू द्या.

## आधीचं किती माहीत हवं?

फार नाही. वांडा मॅक्सिमॉफ (एलिझाबेथ ओल्सन) ही सोकोव्हिया नावाच्या काल्पनिक देशातली मुलगी. लहानपणी घरावर तोफगोळा पडून आई-वडील गेले. जुळा भाऊ पिएत्रो 2015 च्या 'एज ऑफ अल्ट्रॉन'मध्ये मारला गेला. तिच्याकडे मनावर आणि वस्तूंवर ताबा मिळवणारी शक्ती आहे. व्हिजन (पॉल बेटनी) हा कृत्रिम देहाचा, विचार करणारा, भावना असलेला जीव. त्याच्या कपाळावर एक रत्न आहे आणि त्याचं जगणं त्या रत्नावर अवलंबून आहे.

2018 च्या 'इन्फिनिटी वॉर'मध्ये ते रत्न थॅनॉस या खलनायकाच्या हाती पडू नये म्हणून व्हिजनच्या विनवणीवरून वांडा स्वतःच्या हातानं ते फोडते, म्हणजे त्याला मारते. थॅनॉस काळ मागे फिरवतो, व्हिजनला जिवंत करतो आणि तिच्या डोळ्यांदेखत रत्न उपटून पुन्हा मारतो. मग चुटकी वाजवून अर्धी जीवसृष्टी नाहीशी करतो. त्यात वांडाही जाते. पाच वर्षांनी नाहीसे झालेले सगळे परत येतात. या नाहीसं होऊन परतण्याला मार्व्हलच्या जगात 'ब्लिप' म्हणतात.

जगासाठी मधे पाच वर्षं गेली. वांडासाठी मधे काहीच गेलं नाही. तिच्या दृष्टीनं व्हिजन नुकताच गेलाय. मालिका परतल्यानंतरच्या काही आठवड्यांत घडते, आणि तिचं वागणं समजून घ्यायला हा हिशेब डोक्यात ठेवणं सगळ्यात गरजेचं आहे.

## सिटकॉम म्हणजे नेमकं काय?

सिटकॉम म्हणजे प्रसंगनिष्ठ विनोदी मालिका. ठरलेली माणसं, ठरलेलं घर किंवा ऑफिस. भाग अर्ध्या तासाच्या वेळेत बसतो. जाहिराती वगळल्या तर हातात वीस-पंचवीस मिनिटं उरतात. सुरुवातीला एखादी अडचण येते: साहेब अचानक जेवायला येणार, किंवा नवरा लग्नाचा वाढदिवस विसरला. मधल्या वेळात घोटाळा वाढतो, शेवटी मिटतो. पुढच्या भागात घर पुन्हा होतं तसंच. कालचं भांडण आज कुणाच्या लक्षात नसतं, कालची जखम आज दिसत नाही.

हे शेवटचं लक्षण सगळ्यात महत्त्वाचं. सिटकॉमच्या घरात कुठलंही नुकसान कायमचं नसतं.

## मग वांडानं सिटकॉमच का निवडला?

याचं उत्तर आठव्या भागात मिळतं, आणि ते मिळेपर्यंत थांबायला लावणं हा मालिकेनं घेतलेला मोठा धोका होता. सोकोव्हियातल्या त्या लहानशा घरात वडील अमेरिकन मालिकांच्या डीव्हीडी विकत. रात्री सगळे मिळून त्या बघत आणि तेवढाच इंग्रजीचा सराव होई. वांडाची आवडती मालिका होती 1961 ते 1966 या काळात चाललेला 'द डिक व्हॅन डाइक शो'. तो चालू असतानाच घरावर गोळा पडला. आई-वडील गेले, दोन मुलं मलब्याखाली अडकली, समोर न फुटलेला दुसरा गोळा.

त्याच भागात पुढे एक छोटा प्रसंग आहे. पिएत्रो नुकताच गेलाय. वांडा खोलीत 'माल्कम इन द मिडल' बघत बसली आहे. पडद्यावर बापाच्या अंगावर छप्पर कोसळतं. व्हिजन गोंधळून विचारतो, या माणसाला इतकं लागलं, यात हसण्यासारखं काय? ती सांगते, त्याला खरंच लागलेलं नाही. कशावरून, असं त्यानं विचारल्यावर तिचं उत्तर असं, की ही त्या प्रकारची मालिकाच नाही.

सगळी मालिका या उत्तरावर उभी आहे. वांडाला असं जग हवं आहे, जिथे छप्पर कोसळूनही माणूस उठून उभा राहतो. व्हिजननं न्यू जर्सीतल्या वेस्टव्ह्यू गावात दोघांसाठी घराची जागा घेऊन ठेवलेली असते. सरकारी यंत्रणेनं सुटा केलेला त्याचा देह पाहिल्यानंतर ती गाडी घेऊन त्या जागेवर जाते. तिथे नुसता पाया आहे. तिथेच तिचा बांध फुटतो, आणि तिच्यातून निघालेल्या शक्तीनं गावाभोवती एक घेर तयार होतो. षटकोनी असल्यामुळे त्याला पुढे 'हेक्स' असं नाव पडतं. आत घर उभं राहतं, व्हिजन उभा राहतो, आणि गावातली खरी माणसं शेजारी, साहेब, पोस्टमन अशा भूमिकांत अडकतात. देह तिनं चोरून नेला, अशी एक समजूत पसरवली जाते. ती खोटी असल्याचं याच भागात दिसतं.

## तीन भिंतींचं घर

आता तंत्राकडे. जुन्या सिटकॉमचं घर समजायला आपल्या व्यावसायिक नाटकाचा दिवाणखाना डोळ्यांसमोर आणावा. मध्ये सोफा, एका बाजूला बाहेरचं दार, दुसऱ्या बाजूला स्वयंपाकघराकडे जाणारी वाट, मागे जिना. चौथ्या भिंतीच्या जागी प्रेक्षक. पात्र दारातून आलं की टाळीसाठी क्षणभर थांबतं, हशा ओसरेपर्यंत पुढचं वाक्य धरून ठेवतं.

सिटकॉमनं या रंगमंचासमोर कॅमेरे आणून ठेवले. 1951 मध्ये सुरू झालेल्या 'आय लव्ह लुसी'साठी निर्माता-अभिनेता डेझी अर्नाझ आणि छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांनी प्रत्यक्ष प्रेक्षकांसमोर 35 मिमी फिल्मचे तीन कॅमेरे एकाच वेळी चालवण्याची पद्धत बसवली. एक कॅमेरा सगळं घर घेतो, बाकीचे दोन एकेका बाजूची माणसं. पुढे संकलनात तिन्हींतून निवड होते. यात खरी अडचण दिव्यांची होती. एका कॅमेऱ्याच्या सोयीनं प्रकाश बांधला तर दुसऱ्याला नाकाची सावली गालावर दिसते, शिवाय जमिनीवरचे दिवे कॅमेऱ्यांच्या वाटेत येतात. म्हणून फ्रॉइंडनं बहुतेक दिवे वर टांगले आणि घरभर सारखा, मऊ प्रकाश ठेवला. जुन्या सिटकॉममध्ये घराचा एकही कोपरा अंधारा नसतो, तो यामुळे.

'वांडाव्हिजन'चा पहिला भाग याच पद्धतीनं, दोन दिवसांत, खऱ्या प्रेक्षकांसमोर चित्रित झाला. दिग्दर्शक मॅट शॅकमन यांनी प्रेक्षकांना आणि तंत्रज्ञांनाही त्या काळाचे कपडे घालायला लावले. छायालेखक जेस हॉल यांनी त्या काळाप्रमाणे टंगस्टनचे दिवे वापरले आणि संपूर्ण मालिकेत वेगवेगळ्या काळांसाठी मिळून 47 प्रकारची भिंगं. चित्रीकरणाआधी शॅकमन आणि मार्व्हलचे प्रमुख केव्हिन फायगी खुद्द डिक व्हॅन डाइक यांना भेटून आले. जे खऱ्या आयुष्यात घडू शकत नाही ते आमच्या मालिकेतही घडत नसे, असा त्यांचा नियम होता, आणि तो अभिनेत्यांना फार उपयोगी पडला असावा असं पहिला भाग पाहताना जाणवतं. ओल्सन आणि बेटनी जुन्या अभिनयाची नक्कल करत नाहीत. त्या घरात खरोखर राहत असल्यासारखे वागतात.

एक बारकावा फार सुंदर आहे. व्हिजनचा चेहरा मुळात लालसर. पण कृष्णधवल भागांसाठी बेटनी यांना निळा रंग लावला होता. कृष्णधवलात रंग उरत नाही, फक्त उजळ-गडद उरतं, आणि करड्या छटांमध्ये नेहमीच्या लालपेक्षा निळा अधिक नीट दिसतो.

## जादू कशी दाखवायची?

साठच्या दशकात पडद्यावरच्या करामतींसाठी संगणक हाताशी नव्हता, तरी 'बिविच्ड' (1964 ते 1972) या मालिकेतली चेटकीण नाक हलवून वस्तू हजर करत असे. कृती अशी: अभिनेत्री हात वर करून थिजल्यासारखी उभी राहते. कॅमेरा थांबवतात. मदतनीस येऊन टेबलावर केक ठेवून जातो. कॅमेरा पुन्हा सुरू होतो, अभिनेत्री हालचाल पूर्ण करते. मधला तुकडा गाळून दोन टोकं जोडली की केक हवेतून प्रकटतो. बिघडण्याच्या जागा तीन. मधल्या वेळात हात जरा खाली आला, कॅमेऱ्याला धक्का लागला किंवा प्रकाश बदलला, तर जोडावर चित्र उडी मारतं आणि फसवणूक कळते.

पहिल्या दोन भागांत बरीच जादू अशाच जुन्या मार्गानं केली आहे: स्वयंपाकघरात तरंगणाऱ्या वस्तू तारांवर आणि काठ्यांवर नाचवल्या, काही तारा नंतर संगणकावर पुसल्या. वांडाची शक्ती आधीच्या चित्रपटांत लाल प्रकाशाच्या लोटासारखी दिसते. इथे ती त्या त्या दशकाला परवडेल अशीच दिसते. चित्राचा काळ बदलला की जादूची रीतही बदलते, आणि जिथे अचानक आधुनिक लाल झोत दिसतो तिथे वांडाचं सोंग गळून पडलं असं समजावं.

## हशा कुणाचा?

अमेरिकन टीव्हीवर हशा दोन प्रकारचा. एक खऱ्या प्रेक्षकांचा. दुसरा, आधी ध्वनिमुद्रित करून नंतर जोडलेला, ज्याला लाफ ट्रॅक म्हणतात. 1950 च्या दशकात चार्ली डग्लस या ध्वनितंत्रज्ञानं त्यासाठी एक यंत्रच बनवलं. टंकलेखन यंत्रासारख्या कळा, प्रत्येक कळीला हशाचा वेगळा प्रकार, आणि हशा किती लांबवायचा ते ठरवायला पायाखाली पट्टी. 'बिविच्ड' किंवा 'द ब्रेडी बंच' यांना समोर प्रेक्षक नव्हतेच. ऐकू येणारा सगळा हशा असा भरलेला. 2000 साली आलेल्या 'माल्कम इन द मिडल'नं तो काढून टाकला, आणि पुढच्या कितीतरी मालिकांत तो नाहीच.

'वांडाव्हिजन'मध्ये हाच क्रम आहे. पहिल्या भागात खरे प्रेक्षक, पुढे भरलेला हशा, सहाव्या भागापासून शांतता.

पण हशा सगळ्यात जास्त बोलतो तो जिथे थांबतो तिथे. पहिल्या भागातलं जेवणाचं टेबल पाहा. व्हिजनचे साहेब मिस्टर हार्ट आणि त्यांची पत्नी जेवायला आले आहेत. ते सहज विचारतात: तुम्ही कुठून आलात, लग्न कधी झालं, मुलं का नाहीत? दोघांनाही उत्तर देता येत नाही. साहेब चिडून टेबलावर हात आपटतात आणि त्यांच्या घशात घास अडकतो. पत्नी हसऱ्या चेहऱ्यानं "थांबवा" एवढंच म्हणत राहते. आधी ती नवऱ्याला चेष्टेनं म्हणतेय असं वाटतं. नंतर लक्षात येतं की ती वांडाकडे बघते आहे. हशा बंद झालेला असतो, आणि कॅमेरा प्रेक्षकांची बाजू सोडून टेबलाच्या आत, चेहऱ्यांच्या अगदी जवळ आलेला असतो. तीन भिंतींच्या घरात कॅमेरा जिथे जाऊच शकत नाही, तिथे तो गेला आहे. वांडा व्हिजनला मदत करायला सांगते, घास निघतो, कॅमेरा मागे सरकतो आणि सगळे काही झालंच नाही असं बोलू लागतात.

म्हणजे हशा हा वांडाच्या हुकमाचा भाग आहे. तो चालू आहे तोवर तिचा ताबा चालू आहे. नऊ भागांतला हा माझ्या मते सगळ्यात भक्कम दीड-दोन मिनिटांचा प्रसंग.

## दर भागाला दशक का बदलतं?

पहिला भाग 'आय लव्ह लुसी' आणि 'डिक व्हॅन डाइक'च्या काळातला, दुसरा 'बिविच्ड'चा, अगदी रेखाटनांच्या शीर्षकचित्रासह. तिसरा सत्तरच्या दशकातल्या रंगीत कौटुंबिक मालिकांचा. पाचवा ऐंशीचा: लाकडी भिंती, जाड स्वेटर, हळवी शीर्षकं. (ओल्सन यांच्या जुळ्या बहिणी मेरी-केट आणि अ‍ॅश्ली 'फुल हाउस' या त्याच वळणाच्या मालिकेत लहानपणी होत्या.) सहावा 'माल्कम'सारखा, यात वांडा-व्हिजनची घेरात जन्मलेली जुळी मुलं थेट कॅमेऱ्याशी बोलतात. सातवा 'द ऑफिस' आणि 'मॉडर्न फॅमिली'सारखा, यात पात्रं मुलाखत दिल्यागत सोफ्यावर बसून मन मोकळं करतात. चौथा, आठवा आणि नववा हे भाग मुख्यतः सिटकॉमच्या बाहेर आहेत.

दशक का बदलतं हे कुणी स्पष्ट बोलत नाही, पण क्रम बोलका आहे. दुसऱ्या भागाच्या शेवटी गटाराच्या झाकणातून एक मधमाशीपालक वर येतो, म्हणजे बाहेरचा माणूस आत शिरतो. वांडा "नाही" म्हणते, चित्र उलटं फिरतं, आणि लगेच सगळं रंगीत होतं. तिसऱ्यात शेजारीण म्हणून वावरणारी मोनिका (टियोना पॅरिस) पिएत्रोला अल्ट्रॉननं मारल्याचा उल्लेख करते आणि तिला घेराबाहेर फेकलं जातं. त्यानंतर सिटकॉम परत येतो तो ऐंशीच्या दशकात. सत्य आत शिरलं की वांडा पुढच्या दशकात सरकते. 'बिविच्ड'चेही पहिले दोन हंगाम कृष्णधवल होते आणि 1966 मध्ये ती रंगीत झाली, त्यामुळे हा बदल दूरचित्रवाणीच्या इतिहासातही चपखल बसतो.

सातव्या भागात पुढे सरकणंही काम देत नाही. दुधाचं खोकं तिच्या हातात बदलत बदलत जुन्या काचेच्या बाटलीपर्यंत मागे जातं. हुकूम चालेनासा झाला आहे.

मध्येच येणाऱ्या खोट्या जाहिराती वगळू नका. एकूण सहा आहेत आणि बहुतेकींत वांडाच्या भूतकाळातली एखादी जखम विकायला काढली आहे. पहिलीत स्टार्क कंपनीचा टोस्टर. घरावर पडलेला गोळाही स्टार्कचाच होता. कृष्णधवल चित्रात त्याचा दिवा लाल लुकलुकतो आणि आवाज वाढत जातो. दुसरीतलं घड्याळ तिच्यावर प्रयोग करणाऱ्या स्ट्रकरच्या नावाचं. पाचव्या भागातल्या कागदी टॉवेलचं नाव 'लागोस', जिथे 2016 च्या 'सिव्हिल वॉर'मध्ये तिच्या हातून निरपराध माणसं मेली.

## काळे पट्टे म्हणजे बिघाड नव्हे

चित्राची रुंदी भागिले उंची म्हणजे चौकटीचं प्रमाण. जुन्या टीव्हीचं 1.33, आजच्या टीव्हीचं 1.78, मोठ्या चित्रपटांचं अनेकदा 2.39. इथे सिटकॉमचे जुने भाग 1.33 मध्ये आहेत, सहावा-सातवा 1.78 मध्ये, आणि घेराबाहेरचं जग 2.39 मध्ये, म्हणजे पट्टे वर आणि खाली. आपण आत आहोत की बाहेर, हे पट्ट्यांवरून कळतं. मोबाइलवर दोन बोटांनी चित्र ताणून पडदा भरण्याची सवय असेल तर इथे ती आवरा. ताणलं की ही खूण जाते आणि चेहरेही कापले जातात.

## जुना टीव्ही आणि विश्वाची खरखर

चौथ्या भागात डार्सी ही शास्त्रज्ञ घेराबाहेर बसून आतला सिटकॉम जुन्या डबा टीव्हीवर पकडते. ती ज्या प्रारणाचा उल्लेख करते ते खरं आहे. विश्व सुमारे 3 लाख 80 हजार वर्षांचं असताना मोकळा झालेला प्रकाश अजून सूक्ष्मलहरींच्या रूपात सगळीकडून येतो. त्याला वैश्विक पार्श्वप्रारण म्हणतात. पेन्झियास आणि विल्सन यांना तो 1964 मध्ये सापडला आणि 1978 मध्ये त्यासाठी नोबेल मिळालं. अँटेनाच्या टीव्हीवर स्टेशन लागलं नाही की दिसणाऱ्या मुंग्यांमध्ये त्याचा अगदी थोडा वाटा असे. त्या प्रारणात कुणीतरी टीव्हीचा संदेश मिसळला आहे ही मात्र लेखकांची कल्पना, आणि मुख्य लेखिका जॅक शेफर यांनी ती नेमकी जिथे विज्ञान आणि टीव्ही खरोखर भेटतात तिथे बसवली आहे.

## "आपण हे कार्यक्रम पाहिलेच नाहीत, मग काय कळणार?"

सगळे पाहायची गरज नाही. शिवाय अगदीच पाहिले नाहीत असंही नाही. 'बिविच्ड' नव्वदच्या दशकात सोनी वाहिनीवर हिंदीत डब होऊन लागत असे, आणि तेव्हा घरी केबल असलेल्या मराठी मुलांना ती नाक हलवणारी बाई चांगली आठवते. दुसरा भाग त्यांना ओळखीचा वाटेल. बाकीच्यांनी हशा, कॅमेऱ्याचं अंतर आणि काळे पट्टे यांवर लक्ष ठेवलं तरी पुरतं.

## "म्हणजे वांडाच खलनायिका?"

हा आक्षेप योग्य आहे आणि तो टाळता येत नाही. वेस्टव्ह्यूची माणसं झोपेत नव्हती. नवव्या भागात ती सांगतात की झोप लागली तर वांडाची भयस्वप्नं त्यांना पडत, तिचं दुःख त्यांच्या अंगात भिनत असे, आणि मुलांना खोल्यांत डांबलेलं होतं. अगाथा (कॅथरिन हान) ही जुनी चेटकीण मुलांचा कुत्रा मारते, खोटा पिएत्रो पाठवते, पण घेर तिनं बनवलेला नाही. तो वांडाचा.

वांडा शेवटी घेर उघडते, आणि त्याबरोबर व्हिजन आणि जुळी मुलं जातात. नंतर मोनिका तिला म्हणते की तू काय गमावलंस हे या लोकांना कधी कळणार नाही. मालिका इथे घसरली असं ठाम वाटतं. छळ सोसलेल्या माणसांच्या गर्दीतून चालताना त्यांच्या बाजूनं एक वाक्य तरी यायला हवं होतं. दुःखाचं इतकं खोल चित्र काढल्यावर त्या दुःखानं दुसऱ्यांचं काय केलं याकडे एवढ्या घाईनं पाठ फिरवणं न्यायाचं नाही.

## "घेरातला व्हिजन खरा की खोटा?"

दोन व्हिजन आहेत. एक, मूळ देहाची जुळवाजुळव करून सरकारी यंत्रणेनं उठवलेला पांढरा व्हिजन: देह जुना, भावना नाहीत. दुसरा, वांडाच्या शक्तीतून आणि आठवणींतून झालेला: भावना आहेत, जुना देह नाही. नवव्या भागात ते ग्रंथालयात मारामारी थांबवून थिसियसच्या जहाजाचं जुनं कोडं मांडतात. जहाजाची एकेक फळी बदलत सगळी बदलली, तर ते तेच जहाज राहतं का? आणि काढलेल्या फळ्या जोडून दुसरं उभारलं तर खरं कुठलं? घेरातला व्हिजन पांढऱ्याच्या अडवलेल्या आठवणी मोकळ्या करतो, आणि पांढरा "मी व्हिजन आहे" म्हणत उडून जातो. निवाडा मालिका देत नाही. त्याच भागात आकाशात चाललेल्या चेटकिणींच्या रंगीत झटापटीपेक्षा हे संभाषण कितीतरी जिवंत आहे. झटापट दुसऱ्या कुठल्याही चित्रपटात चालली असती.

## पुन्हा लावायची तर कशी?

आधी 'एज ऑफ अल्ट्रॉन' (2015), 'सिव्हिल वॉर' (2016), 'इन्फिनिटी वॉर' (2018), 'एंडगेम' (2019). एवढा वेळ नसेल तर 'इन्फिनिटी वॉर'चा शेवटचा अर्धा तास. पहिले तीन भाग एका बैठकीत पाहा आणि चौथ्यावरच थांबा. आधी सोडलं तर बाहेरचं जग कधी दिसतच नाही. शीर्षकगीतं 'पुढे ढकल'ची कळ दाबून गाळू नका. रॉबर्ट लोपेझ आणि क्रिस्टन अँडरसन-लोपेझ या दांपत्यानं दर दशकाच्या चालीत तेच चार स्वर पेरले आहेत, आणि सातव्या भागातल्या त्यांच्या 'अगाथा ऑल अलाँग' या गाण्याला 2021 चा एमी मिळाला. पडद्यावर दिसणाऱ्या वेळेतली बरीच मिनिटं श्रेयनामावलीची असतात, म्हणून भाग वाटतात त्यापेक्षा छोटे आहेत. सातव्या आणि आठव्या भागात त्या नामावलीच्या मध्ये एकेक प्रसंग आहे, नवव्यात मध्ये एक आणि अगदी शेवटी एक. तो शेवटचा पाहिल्याशिवाय 2022 च्या 'डॉक्टर स्ट्रेंज'मधली वांडा अशी का वागते ते कळत नाही.